काट्यावर हलकी, हातात जड: बॅट डिझाइनमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी माझी फजिती

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, दादा मला स्पोर्ट्स इक्विपमेंट डिझाइनमध्ये यायचंय, कुठून सुरू करू. बहुतेक जण मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असतात, क्रिकेट खेळतात, थ्रीडी मॉडेलिंग येतं आणि डोक्यात एक आयडिया आधीच पक्की असते. दहातल्या सात जणांची आयडिया एकच, जगातली सगळ्यात हलकी बॅट. हसू येतं पण हसवत नाही, कारण माझीही तीच होती. त्यात माझं दीड वर्ष गेलं आणि पगारातले साधारण ८५ हजार गेले, आणि घरी आईला अजून खरा आकडा माहीत नाहीये.

तर एकदाच सगळं लिहून टाकतो. विलो म्हणजे बॅटचं लाकूड, स्प्लाइस म्हणजे हँडल पात्यात बसतं तो सांधा, नॉकिंग म्हणजे नवी बॅट ठोकून ठोकून तयार करणं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतोय. नसेल तर आधी एखाद्या बॅट रिपेअरवाल्याकडे चार रविवार जाऊन बसा, त्याला चहा पाजा आणि कानस मारायला मागा. कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा तिथे जास्त कळेल.

मी मिरजेचा. डिप्लोमा, मग डिग्री, मग एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) नोकरी. संध्याकाळी एका सुतारकाकांच्या शेडमध्ये कोपरा मिळाला होता, भाडं म्हणजे त्यांच्या मोबाइलचं सगळं काम मी करायचं. सुरुवात काश्मीर विलोवर केली आणि तुम्हीही तेच करा, इंग्लिश विलोचा क्लेफ्ट (ज्यातून पातं कोरतात तो ठोकळा) पहिल्याच महिन्यात खराब केलात तर परत रंधा हातात धरायची हिंमत होणार नाही.

आयडिया अशी होती. बॅट १ किलो १८० ग्रॅमची, ८५ सेंटिमीटर लांब. बॉल लागतो तो भाग जाड ठेवायचा, पण मागून खांद्याजवळचं लाकूड काढून टाकायचं, कारण तिथे बॉल लागून उपयोग काय. मी मागच्या बाजूने छान खोलगट कोरून ६० ग्रॅम काढले. (पहिल्या बॅटला जास्तच काढले, ती स्प्लाइसपाशी कट्कन मोडली, तो वेगळा किस्सा.) आणि आमच्याकडे सकाळी दवात खेळतात, ओल्या पिचवर बॅट आपटून टो, म्हणजे पात्याचं खालचं टोक, फुगतो आणि मग चिरतो, म्हणून टोला रबराचा शू चिकटवला, गोंदासकट २० ग्रॅम. म्हणजे निव्वळ ४० ग्रॅम कमी. काट्यावर १ किलो १४० ग्रॅम. मी त्या काट्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता, काय सांगू.

आमच्या नेटला एक मुलगी यायची, तेव्हा अकरावीत होती, वरच्या नंबरला खेळायची. तिला दिली. तिने दोनदा उचलली, एक शॅडो ड्राइव्ह मारला आणि म्हणाली, "दादा, ही जड आहे."

मी म्हटलं अगं हलकी केलीये, ४० ग्रॅम. ती म्हणाली असेल, पण जड आहे. मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते, मी तिला काट्यापाशी नेऊन आकडा दाखवला. आकडा बघून ती गप्प बसली आणि मला वाटलं आपण जिंकलो.

पण डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी सहा बॅटी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वरून टेप, म्हणजे स्टिकर, ग्रेन, शू काही दिसायला नको. सहाही बॅटी तिला दिल्या आणि म्हटलं हलकी ते जड अशा लावून दाखव. लावल्या. अर्ध्या तासाने क्रम बदलून परत दिल्या. परत जवळजवळ त्याच क्रमाने लावल्या, मधल्या दोन तेवढ्या इकडच्या तिकडे झाल्या. काट्यावरचा क्रम आणि तिचा क्रम यांचा काही मेळ नाही, पण तिचा क्रम दोन्ही वेळा तोच. माझी "सगळ्यात हलकी" बॅट तिने दोन्ही वेळा जडकडून दुसऱ्या नंबरला ठेवली. हाताला ती जे मोजत होती ते माझ्या काट्याला मोजताच येत नव्हतं.

आता हा भाग मी लांबण लावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण माझं दीड वर्ष इथेच गेलं.

बॅट आपण उचलून धरत नाही, फिरवतो. फिरवताना किती जड वाटेल ते नुसत्या वजनावर ठरत नाही, ते वजन हातापासून किती लांब आहे त्यावर ठरतं, आणि तेही अंतराच्या वर्गाने. बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा, जडत्व आघूर्ण, बोर्डाला लिहून मार्क घेतलेत सगळ्यांनी. मीही घेतले होते. पण शेडमध्ये उभं राहून लाकूड कोरताना तो धडा आठवला नाही, काटा समोर होता म्हणून काट्याचंच ऐकत बसलो.

हिशोब करून बघा. हँडलच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर हात आहे असं धरू. मी ६० ग्रॅम काढले ते टोकापासून साधारण ३२ सेंटिमीटरवरून, म्हणजे हातापासून १७. शू लावला तो टोकापासून ८३ वर, म्हणजे हातापासून ६८. ६८ हे १७ च्या चौपट. चौपट अंतर म्हणजे वर्गाने सोळापट. म्हणजे टोवरचे २० ग्रॅम हे खांद्यावरच्या ३२० ग्रॅमच्या बरोबरीचे! मी ६० काढले आणि ३२० घातले. मूळ बॅटचं जडत्व आघूर्ण माझ्या मोजणीत साधारण ०.२२७ किलोग्रॅम-मीटर वर्ग होतं, ते ०.२३४ झालं, जवळपास ३ टक्के जास्त. काट्यावर ३ टक्क्यांहून जास्त हलकी आणि फिरवायला ३ टक्के जड. ती पोरगी बरोबर होती आणि मी तिला काटा दाखवत होतो.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे हे सगळ्यांना माहीत असतं. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, पिकअप (उचलताना हाताला लागणारं वजन) जड वाटतोय ना, एक ग्रिप अजून चढव. ग्रिपने वजन वाढतं, पण ते हाताखाली वाढतं, बॅलन्स वर सरकतो आणि बॅट हलकी वाटते. मी स्वतः कॉलेजमध्ये असताना दोन ग्रिप लावून खेळायचो. सचिन तीन पौंडाहून जड बॅट घेऊन खेळायचा हेही पाठ होतं. तरी बॅट बनवायला बसलो की ग्रॅम मोजायचो.

मोजायचं कसं? यंत्र लागत नाही. लाकडाचे दोन ठोकळे घ्या, मध्ये हँडलच्या आकाराची खाच करा, हँडलला १५ सेंटिमीटरवर घट्ट आवळा, दोन्ही बाजूंनी टोकदार स्क्रू बाहेर काढा आणि ते स्क्रू दोन लोखंडी पट्ट्यांवर टेकवून बॅट लंबकासारखी लटकवा. थोडंच ढकला, दहा अंशांच्या आत. वीस झोके मोजा, जाऊन परत आली की एक झोका. स्टॉपवॉच नको, अंगठा चुकतो, फोनवर व्हिडिओ काढा आणि नंतर फ्रेम बघून वेळ काढा. पाच वेळा करून सरासरी घ्या. माझ्या मूळ बॅटचे वीस झोके २८.१ सेकंदांत व्हायचे, "हलक्या" बॅटचे २८.५. फरक एवढासाच असतो, म्हणून अंगठ्यावर विश्वास नको म्हणतोय.

मग बॅट पट्टीच्या धारेवर आडवी तोलून बॅलन्स पॉइंट काढा आणि तो १५ सेंटिमीटरच्या खुणेपासून किती लांब आहे ते मोजा. एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, गुणिले बॅटचं वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले ते अंतर मीटरमध्ये, आणि सगळ्याला ३९.४८ ने भागा. झालं. इथे मी अजून दोनदा आपटलो. एक, नुसती वेळ बघून दोन बॅटींची तुलना करायला लागलो, ती करता येत नाही, वजन आणि बॅलन्स दोन्ही लागतात. दोन, वजनात ठोकळ्यांचंही वजन धरत होतो. ठोकळे फिरण्याच्या बिंदूवरच बसलेले असतात, त्यांचा जवळपास काही परिणाम नसतो, ते सोडून द्यायचे.

बेसबॉलवाल्यांकडे हे सगळं कधीचं नियमात बसवलेलं आहे, एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचं एफ २३९८ नावाचं मानकच आहे, बॅट नॉबपासून, म्हणजे हँडलच्या टोकापासून, ६ इंचांवर टांगायची आणि झोके मोजायचे. मी १५ सेंटिमीटर घेतले ते तिथूनच उचललेत. क्रिकेटच्या नियमांत याचं नावही नाही. बॅटच्या वजनावरच मर्यादा नाही तर आघूर्णावर कुठून असणार.

आणि आता लगेच आघूर्ण कमीत कमी करायच्या मागे लागू नका हां. हा त्याच खड्ड्याचा दुसरा काठ आहे. खालून फार लाकूड काढलंत तर बॅट सरसर फिरेल, पण बॉल आला की मागे ढकलली जाईल, १६० ग्रॅमचा बॉल आहे तो, काय लहान नाही. फिरवायचा वेग आणि बॉलमागचं वजन यांचं काहीतरी जमवावं लागतं आणि ते प्रत्येक बॅटरचं वेगळं असतं. म्हणूनच मंगूस नावाची बॅट आठवा, २०१० च्या आयपीएलमध्ये हेडनने चेन्नईकडून वापरलेली, लांब हँडल आणि आखूड पातं. मारायला झकास. पण आखूड पात्याने दिवसभर ऑफस्टंपबाहेरचे बॉल खेळून दाखवा. टिकली नाहीच ती.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण ते फुकट वाचायला मिळतात आणि तरी कुणी वाचत नाही. कायदा क्रमांक ५ आणि बॅटबद्दलचं परिशिष्ट. लांबी ९६.५२ सेंटिमीटरपर्यंत, रुंदी १०.८, आणि ऑक्टोबर २०१७ पासून जाडी ६.७ आणि कड ४ सेंटिमीटर. हँडल एकूण लांबीच्या ५२ टक्क्यांहून जास्त नको. पातं लाकडाचंच हवं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना बोअर वाटतो आणि मग कुणीतरी मला कार्बन फायबरची बॅट पाठवतो.

अरे बाबांनो, ही सगळी वाट आधीच चालून झालेली आहे. १७७१ मध्ये व्हाइट नावाचा एक गडी स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला आला, म्हणून रुंदीचा नियम आला. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाचा लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा पातं लाकडाचंच हवं असा नियम नव्हता, इंग्लंडचा कॅप्टन ब्रेअर्लीने बॉल खराब होतोय म्हणून तक्रार केली, आणि त्यानंतर नियम आला. पाँटिंगच्या बॅटला मागून ग्रॅफाइटची पट्टी होती, २००६ मध्ये तीही गेली. २०२१ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी बांबूची बॅट केली, स्वीट स्पॉट मोठा वगैरे, क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने सांगितलं सध्याच्या नियमात बसत नाही, कारण बांबू गवत आहे. तुमची बॅट चांगली निघाली की नियम बदलतो आणि तुम्हाला बाहेर काढतो, हे धरूनच चाला. हौशी टेनिस क्रिकेटमध्ये मात्र मोकळीक बरीच, मागून खोल स्कूप मारलेल्या, म्हणजे कोरून काढलेल्या, बॅटी सगळीकडे दिसतात. माझं मत असं की शिकायचं असेल तर तिथेच शिका. तिथला बॅटर पैसे देऊन घेतो आणि आवडली नाही तर तोंडावर सांगतो.

मेंटॉरबद्दल मला राग आहे, तो इथे काढतो. एका ठिकाणी मला स्टार्टअपसाठी मार्गदर्शन मिळालं, नाव नको. तिथल्या सरांनी बॅट हातात न घेता विचारलं, यात सेन्सर का नाही, एआय का नाही. मी दोन महिने हँडलमध्ये सेन्सर बसवत बसलो. त्याने पोकळी झाली आणि हँडलचा आवाज बदबद यायला लागला. दुसऱ्या टोकाला कारागीर. ते बोटाने टकटक करून सांगतात ही बोलणार आणि ती बोलतेही, पण का विचारलं तर जे सांगतात ते बरेचदा चुकीचं असतं. आमचे काका म्हणायचे खांद्यात लाकूड असलं की बॅटला "जोर राहतो". मी मनातल्या मनात हसलो आणि ते लाकूड काढलं, आणि बॅट तिथेच मोडली. त्यांनी सांगितलेलं कारण कदाचित चूक असेल, पण लाकूड काढू नको हे बरोबर होतं. कारागिराचं कारण सोडून द्या, सूचना सोडू नका. सरांचं उलट.

सिम्युलेशनचंही तसंच. पहिल्याच दिवशी एफईए (ताण-दाब काढायचं सॉफ्टवेअर) उघडून बसणारे खूप आहेत. विलो रेषेच्या दिशेने वेगळं वागतं, आडवं वेगळं, प्रेस केलेला समोरचा थर मागच्या लाकडापेक्षा वेगळा, ओल बदलली की सगळंच बदललं. सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा टाकून रंगीत चित्रं काढलीत तर प्रोजेक्टला मार्क मिळतील, बॅट मिळणार नाही. आणि एकाच मापाचे दोन क्लेफ्ट आरामात शंभरेक ग्रॅमने वेगळे निघतात, त्यामुळे जुनी डिझाइन या बॅटवर आणि नवी त्या बॅटवर अशी तुलना करू नका. एकच बॅट घ्या, मोजा, थोडं काढा, परत मोजा.

आणि एक गोष्ट सरळ दम देऊन सांगतो. हेल्मेट, गार्ड, अंगावर घालायचं काहीही असेल तर ते घरी बनवून मित्रांवर ट्राय करायचं नाही. नाही म्हणजे नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज मानेला बॉल लागून गेला, ते सगळ्यांना माहीत आहे. हेल्मेटसाठी बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक आहे, त्यात बॉल पीक (कपाळावरचा पुढे आलेला भाग) आणि ग्रिलच्या फटीतून आत घुसतो का हे बॉल मारून तपासतात, माणसाच्या डोक्यावर नाही, खोट्या डोक्यावर. लॅबमध्ये टेस्ट करायचा खर्च परवडत नसेल तर तो प्रॉडक्ट तुमचा नाही. बॅट चुकली तर फार तर चौकार हुकतो.

बरं, एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. या क्षेत्रात माणसं खरंच कमी आहेत. मेरठ आणि जालंधरला बॅट आणि बॉलचा मोठा धंदा आहे, मेरठला सरकारचं पीपीडीसी हे खेळाच्या सामानासाठीचं केंद्र आहे, आयआयटी मद्रासला खेळ-विज्ञानाचं केंद्र आहे, बाहेर जायचं असेल तर इंग्लंडच्या लफबरो युनिव्हर्सिटीचं नाव मोठं आहे. पण अर्जासोबत कॉम्प्युटरवर काढलेली रेंडर चित्रं पाठवू नका. मोजमापाची वही पाठवा, चुकलेल्या बॅटींसकट. मला सध्याचं काम त्या वहीमुळे मिळालं, इंटरव्ह्यूमध्ये समोरच्याने अर्धा तास फक्त मोडलेल्या बॅटीवर प्रश्न विचारले. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं, कुणी काही म्हटलं नाही.

पेटंटचं एका वाक्यात, आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज फाइल करा, मग बारा महिन्यांत पूर्ण करता येतं, आणि फाइल करायच्या आधी रील टाकू नका, कारण जगाला दाखवलेली गोष्ट नंतर "नवीन" राहत नाही. मी टाकली होती. नशीब म्हणजे आयडियाच फालतू होती.

त्या मुलीसाठी शेवटी जी बॅट केली ती काट्यावर १ किलो २१० भरली, म्हणजे मूळ बॅटपेक्षाही ३० ग्रॅम जड. खांदे होते तसे ठेवले, शू लावलाच नाही, टो जरा गोल केला आणि हँडलला अजून एक ग्रिप चढवली. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, तिने सगळ्यात हलकीच्या जागी ठेवली. या वेळी मी काटा बाहेरच आणला नाही. बारावीनंतर ती पुण्याला गेली, तिथेही तीच बॅट वापरते असं तिच्या भावाने सांगितलं.

टो फुगायचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. सध्या रबराऐवजी पातळ सीलंटचे दोन हात देऊन बघतोय, दोन्ही मिळून ६ ग्रॅम होतात, तेही त्या वाईट जागी, म्हणजे आघूर्ण टक्काभर वाढतंच. चार बॅटींना लावलंय, चार तशाच ठेवल्यात, आठही बॅटी शेडच्या मागे ओल्या गोणपाटावर उभ्या आहेत आणि दर रविवारी टोची जाडी मोजून वहीत लिहितोय. काकांचं म्हणणं जवसाचं तेल पाज आणि विसरून जा. कारण विचारलं नाही, एका नवव्या बॅटला तेल पाजून तीही रांगेत ठेवलीये.